थोरलीची हिरवळ, धाकटीचं गवत

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते नवऱ्याने खुर्ची उचलली तेव्हापासून.

खुर्ची साधीच, घडीची, कापडी. आयुष्यभर बस चालवून घरी बसल्यावर त्याने स्वतःसाठी दोनच वस्तू आणल्या होत्या: ही खुर्ची आणि मासे धरायचा गळ. संध्याकाळ झाली की खुर्ची काखोटीला मारायची आणि तळ्यावर उतरायचं, एवढाच त्याचा शौक. तळं मागच्या दारातच होतं. दारापासून पाण्यापर्यंत थोरलीची हिरवळ पसरलेली, तेव्हा त्याने तिथंच बसावं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण एका संध्याकाळी तो हिरवळ तिरपी ओलांडून, कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेला आणि धाकटीच्या काठावर जाऊन बसला. पुढे तेच सुरू झालं. मग खुर्ची रात्रीही तिकडेच राहायला लागली, आणि थोरलीच्या मनात आलं, आज खुर्ची गेली, उद्या...

उद्याचं तिने मनातसुद्धा पूर्ण केलं नाही.

धाकटी ही तिची सख्खी बहीण. वडिलांच्या तळ्याकाठच्या जागेचे मधोमध दोन भाग झाले; एकात थोरलीने संसार थाटला, दुसऱ्यात धाकटी एकटी राहिली. ती दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही, आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही. हेच तर थोरलीला खुपायचं. धाकटीला कधी कशाचं काही वाटलंच नाही. लहानपणी थोरली भांडी घासायची आणि धाकटी तळ्यात पाय सोडून बसायची. तरी वडील घरी आले की दारातून पहिली हाक असायची, "धाकटं कुठाय?" भांडी कुणी घासली, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

थोरलीने उभी हयात शिलाईत काढली. तिच्या हातचा कपडा उलटा घातला तरी चारचौघांत कळू नये, इतकी त्याची आतली बाजू साफ असायची. कुठे दोरा लोंबताना दिसला, मग तो अगदी अनोळखी माणसाच्या बाहीचा का असेना, तिचा हात शिवशिवायचा. एकदा बसमध्ये पुढच्या बाईच्या कॉलरचा दोरा तिने दाताने तोडला होता. त्यावरून जे रामायण झालं, ते नवरा अजून सांगतो, कारण बस तोच चालवत होता.

जवळची नजर अधू झाली, मशीन बंद पडलं, आणि हातातली ती सगळी शिस्त घराबाहेर पडून अंगणात उतरली. थोरलीची हिरवळ म्हणजे इस्त्री केलेलं कापड. गवत बोटभर उंचीच्या वर कधी गेलं नाही. कापायचं यंत्र पार पाण्याच्या कडेपर्यंत फिरायचं, आणि जिथे ते पोचत नसे तिथे ती गुडघ्यावर बसून कात्रीने कापायची, कापडाच्या कडेला दुमड घालावी तशी. कापलेलं गवत झाडूने लोटून तळ्यात. ही घरची जुनी रीतच होती. चुलीची राख, पालापाचोळा, फाटकी चटई, वडील सगळं तळ्यातच लोटायचे. "तळ्यात टाकलं की गेलं," असं म्हणायचे. कुठे गेलं, हे विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

धाकटीचं अंगण मात्र बघवत नसे. तिचं गवत कापायचं यंत्र कधीचं बिघडलं होतं आणि ते तिने दुरुस्त केलं नव्हतं. गुडघे धरल्यापासून तर घरापासून काठापर्यंत एक पायवाट तेवढी मोकळी. बाकी गवत कमरेला लागायचं, काठाला लव्हाळे माजलेले, पाण्यात पाणकणसं उभी, मध्येच कुठली तरी पिवळी फुलं.

"अगं, निदान काठ तरी साफ कर," थोरली कुंपणावरून म्हणायची. "लोक काय म्हणतील?"

"लोक तळ्यातून येतात का, ताई?" धाकटी म्हणायची. "उभं राहू दे बिचारं. त्याने माझं काय घोडं मारलंय?"

आणि अशा त्या गबाळ्या काठावर जाऊन नवरा बसत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायच्या फक्त दोन खुर्च्यांच्या पाठी. त्या एकमेकींपासून किती लांब आहेत, हे थोरली भांडं विसळता विसळता डोळ्यांनी मापायची. मापं घेण्यात तिची हयात गेली होती. वितीचाही फरक तिला इतक्या लांबून कळायचा.

"अहो, आपल्या काठाला काय काटे आलेत?" तिने शेवटी विचारलंच.

"काटे नाहीत. मासेही नाहीत."

"आणि तिच्याकडे बरे आहेत!"

"तिकडे सावली आहे, गवतात लपायला जागा आहे. आपल्याकडे मासा आला तर बसेल कुठे? तुझ्या हिरवळीवर?"

"मासा जातो म्हणून तुम्ही जाता, की तुम्ही जाता म्हणून मासा जातो?"

त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि गळ उचलला. मागे गर्दी भांडत असताना गाडी शांतपणे वळवायची त्याला जन्माची सवय होती.

थोरलीने मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. तिच्याकडून सहानुभूती मिळेल, अशी आशा करणं चूकच होतं.

"आई, बाबा मासे धरायला जातात गं."

"मग रिकाम्या हाताने का येतात?"

"धरून परत सोडतात. सुट्टीला आले की बघते मी. तू मावशीवर जळतेस."

"मी? जळण्यासारखं तिच्याकडे आहे तरी काय? गवत?"

"तेच तर विचारतेय," मुलगी म्हणाली, आणि कुणाची तरी हाक आल्याचं निमित्त करून तिने फोन ठेवला.

थोरलीने ठरवलं, आता आपला काठ असा करायचा की त्या माणसाला पलीकडे बघायची इच्छाच होऊ नये. जाऊन खताच्या गोण्या आणल्या. गोणीवर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट खत तिने टाकलं. शिवताना कापड कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं, हा तिचा जुना नियम. पार पाण्याच्या कडेपर्यंत मुठी उधळल्या. काही दाणे पाण्यात टपटपले, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. त्याच रात्री दणदणून पाऊस आला. आडवं पडल्या पडल्या ती खूश झाली. पाणी घालायचं वाचलं!

हिरवळ अशी उसळून आली की रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. पण आधी बघायला आली ती रानबदकं. आखूड कोवळं गवत, समोर उघडं पाणी, मध्ये आडोसा नाही. कोल्हाकुत्रं आलं तर लांबूनच दिसणार. बदकांना याहून काय हवं? थवाच्या थवा वर चढला, गवत कुरतडू लागला आणि जिथे उभा राहील तिथे घाण करू लागला. थोरली झाडू घेऊन धावायची. बदकं दोन पावलं सरकायची आणि तिच्याकडे मान वाकडी करून बघायची. धाकटीच्या उंच गवतात मात्र एकही बदक शिरत नव्हतं. बदकसुद्धा तिला त्रास द्यायला तयार नाही!

आणि मग पाणी बिघडलं. आधी कडेला हिरवट साय धरली. ऊन तापलं तशी ती दाट होत गेली, कुणी रंगाचा डबा ओतावा तशी. वारा ती सगळी साय दोघींच्या काठाकडे लोटत होता, आणि तळ्याला कुठे कुंपण असतं? थोरलीच्या काठावरून ती धाकटीच्या पाणकणसांपर्यंत पोचली. कुजका वास सुटला. एका सकाळी मासे उलटे होऊन तरंगताना दिसले. पांढरी पोटं वर.

नवऱ्याने खुर्ची घरी आणली.

थोरलीला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोला. संध्याकाळी माणूस घरात. तिने चहा केला, समोर बसली. पण तो टीव्ही लावायचा आणि आवाज बंद करून बघायचा. विचारलेल्याचं उत्तर द्यायचा, त्याच्या पुढे काही नाही. एखाद्या प्रवाशासारखा, गाडी येईपर्यंत बाकावर बसल्यागत. मधूनच उठून खिडकीशी जायचा, आणि बघायचा ते डावीकडे, धाकटीच्या काठाकडे. थोरलीच्या काठावर त्याची नजर चुकूनसुद्धा पडत नव्हती. माणूस परत मिळाला होता, पण आत काहीच नसलेलं खोकं हाती यावं तसा.

दोष कुणाचा तरी असायलाच हवा होता, आणि तो कुणाचा हे थोरलीला लख्ख दिसत होतं. पलीकडे कुजतंय काय? गवत, लव्हाळे, पाणकणसं. घाण दुसरीकडून कुठून येणार? तिने हे मनापासून धरलं होतं. तिने पाणीखात्यात फोन केला, कारण गावाला प्यायचं पाणी याच तळ्यातून जायचं. आपलं नाव सांगितलं, आणि शेजारच्या काठावर रान माजल्यामुळे पाणी नासतंय, तिथलं सगळं कापायला लावा, अशी रीतसर तक्रार केली. शेजारीण आपली बहीण आहे, हे तेवढं सांगायचं राहिलं.

खात्याकडून तपासणीला एक बाई आली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात बाटल्या. थोरलीने तिला हिरवळीवरून नेलं, तेही कडेकडेने चाला म्हणून सांगत. गाडी बघून धाकटी काठी टेकत पायवाटेने खाली आली. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"तक्रार गवताची आहे ना?" पाणीखात्याच्या बाईने विचारलं. ती आधी धाकटीच्या बाजूला उतरली, लव्हाळ्यांत हात घातला, मुळं हलवून बघितली. मग थोरलीच्या काठावर आली. काठाची माती एका ठिकाणी ढासळून पाण्यात गेली होती. तिने वाकून चार-सहा पांढरे दाणे उचलले आणि तळहातावर धरले.

"हे कोण टाकतं?"

"मी," थोरली अभिमानाने म्हणाली. "म्हणून तर एवढी हिरवीगार आहे."

"आणि कापलेलं गवत?"

"हे काय, तळ्यात. एक काडी ठेवत नाही मी अंगणात."

ही थट्टा करतेय की काय, असं बाईला वाटलं असावं. मग म्हणाली, "आजी, खताने गवत वाढतं तसं शेवाळही वाढतं. पावसाने खत खाली आलं, ते शेवाळाने खाल्लं. वरून तुम्ही रोज गवत कुजायला घालताय. शेवाळ मरून कुजलं की पाण्यातली हवा संपते. मासे त्यानेच गेले." तिने धाकटीच्या बाजूला बोट दाखवलं. "त्यांच्या गवतातून पाणी गाळून तळ्यात जातं. मुळं आहेत म्हणून त्यांचा काठ जागेवर आहे. तुमचा बघा, दरवर्षी थोडा थोडा आत जातोय. तुम्ही नेमकी उलटी तक्रार केली आहे."

आजी म्हटल्याचाच राग आधी यावा की बाकीच्याचा, हे थोरलीला ठरवता येईना. बाईने बाटल्या भरल्या, कडेची पट्टी कापू नका, खत बंद करा, गवत तळ्याऐवजी खड्ड्यात टाका, एवढं बजावलं आणि ती गेली.

मागे तिघं उरले.

"तू माझी तक्रार केलीस, ताई?" धाकटी म्हणाली. "खात्यात? कुंपणावरून ओरडली असतीस तरी ऐकू आलं असतं मला."

"ओरडून ऐकलंयस कधी?"

"माझ्या गवताने तुझं एवढं काय बिघडवलं?"

"गवताने नाही!" थोरली म्हणाली, आणि मग तिला थांबता आलं नाही. "आधी वडील तुझे, आता हेही तुझे. मी राब राब राबायचं आणि सगळ्यांनी जाऊन तुझ्यापाशी बसायचं! रोज संध्याकाळी बोलत काय असता गं एवढं दोघं?"

धाकटी हसायलाच लागली. काठीवर रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं, मी झोपते तिथे! दवाखान्यात रात्रपाळ्या करून करून रात्रीची झोप गेलीय माझी. तिथे वारा असतो, डोळा लागतो. भाऊजी काय बोलतात मला ठाऊकही नाही. भाऊजी, तुम्ही बोलता का हो काही?"

"नाही," नवरा दारातून म्हणाला. "घोरतेस तू."

थोरलीला वाटलं होतं, असं काही ऐकलं की जीव भांड्यात पडेल. पडला नाही. उलट नाकाला आणखीच मिरच्या झोंबल्या. म्हणजे ही झोपून राहते, काहीही करत नाही, तरी माणूस हिच्याच शेजारी सुखाने बसतो! चहा नको, गप्पा नकोत, नुसतं घोरणं पुरतं!

"मग आपल्या घरी बसायला काय होतं तुम्हाला?" तिने त्यालाच धरलं.

तो पायऱ्या उतरून आला. हिरवळीच्या कडेला थांबला. पायात चपला होत्या, म्हणून आत पाय टाकला नाही.

"बसू कुठे?" तो म्हणाला. "खुर्ची ठेवली की तू म्हणतेस खुणा उमटतात. चपला काढा म्हणतेस. बसलो तर बाजूला यंत्र फिरवतेस, पाय वर घ्या म्हणतेस. बस चालवली त्यातसुद्धा इतक्या वेळा कुणी मला 'सरका' म्हटलं नव्हतं. तिच्याकडे कुणी काही म्हणत नाही. झोपलेली असते."

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. धाकटी काठी टेकत निघून गेली.

थोरलीने यंत्र गोठ्यासारख्या मागच्या खोलीत ढकललं आणि कडी लावली. खताची उरलेली गोणी दुकानदाराला परत नेऊन दिली. हे सगळं पश्चात्तापाने केलं असं कुणी म्हटलं असतं तर ती चिडली असती. धाकटीकडे आहे ते आपल्याकडे का नसावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं, आणि या एका विचारावर तिने आयुष्यात भरपूर कामं उरकली होती.

पण काठाला नुसतं गवत वाढून भागेना. ढासळलेल्या मातीला मुळं हवी होती, आणि लव्हाळे होते ते धाकटीकडे. कितीतरी सकाळी ती कुंपणापर्यंत गेली आणि परत फिरली. अखेर एकदा फटीतून पलीकडे शिरलीच.

"चार गड्डे दे लव्हाळ्यांचे," ती म्हणाली. वयात आल्यापासून धाकटीकडे तिने काही मागितलेलं नव्हतं.

"चारच का? दहा ने," धाकटी म्हणाली. "मला वाकता येत नाही, तूच खण. आणि ताई..."

"काय?"

"वडील बाहेर सगळ्यांना सांगायचे, माझी थोरली आहे म्हणून घर चाललंय. दवाखान्यात मला म्हातारे पेशंट तेच ऐकवायचे, तुझी बहीण काय गुणाची. ऐकून ऐकून कान किटले माझे."

थोरली खणत राहिली. "मला नाही कधी म्हणाले."

"तुला कशाला म्हणतील? तू काम थांबवलं असतंस तर!"

थोरलीला हसू आलं, ते तिने चिखलात तोंड घालून लपवलं. पण मनात लगेच हिशेब सुरू झाला: म्हणजे हीसुद्धा आपल्यावर जळत होती तर! एवढी वर्षं! हा शोध तिला इतका गोड लागला की दहाच्या जागी तिने बारा गड्डे उपटले.

नवऱ्याने खड्डे केले, तिने लावले, सुरुवातीला एका ओळीत, टीप घातल्यासारखे. तो म्हणाला, जरा वाकडे लाव, तळ्याला इस्त्री करायची नाहीये. तिने मनावर दगड ठेवून चार वाकडे लावले.

वरची हिरवळ घरापाशी तेवढी आखूड राहिली. खालची पट्टी वाढत गेली, आणि ती वाढताना बघणं ही थोरलीला शिक्षा होती. कात्री घेऊन ती खाली जायची आणि हात मागे बांधून परत यायची. बदकं एकदा आली, उंच गवत बघून बिचकली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबी गेली. पाणी निवळायला वेळ लागला; वास गेला तसा नवरा खुर्ची घेऊन पुन्हा धाकटीच्या काठावर बसू लागला. पुढचा उन्हाळा सरताना कुठे लव्हाळ्यांच्या मुळाशी बोटाएवढी पिल्लं दिसायला लागली. त्या संध्याकाळी नवरा कुंपणाच्या फटीकडे न वळता सरळ खाली उतरला आणि गवत बाजूला सारून बसला. थोरली ओट्याशी होती. तिने भांडं तसंच ठेवलं, हात पुसले, आणि जाऊन त्याच्या शेजारी बसली. चपला घालून.

बसणं तिला जमत नव्हतं. कुठली तरी काडी तोडावीशी वाटत होती, कुठलं तरी पातं सरळ करावंसं. "तिकडे हललं बघा," ती म्हणाली. "तिथे टाका ना. मघाशी तिकडे उडाला."

"शू," नवरा म्हणाला.

ती गप्प बसली. गवत दोघांच्या डोक्यावरून वर गेलं होतं, वारा आला की पाठीवर येऊन टेकत होतं. समोर नुसतं पाणी.

थोड्या वेळाने कुंपणापलीकडून काठीचा आवाज आला, मग धाकटीचा.

"ताई! भाऊजी आहेत का गं तिकडे? आज आलेच नाहीत. मला मेलीला झोपच येईना."

नवऱ्याने तोंड उघडलं. थोरलीने झटक्यात त्याच्या तोंडावर हात ठेवला, काठावर टेकून चिखलाचा झाला होता तसाच.

"नाहीत!" ती ओरडली. "बाहेर गेलेत!"

तिच्या हाताखाली नवऱ्याचे खांदे गदगदायला लागले. गळाचा दोर पाण्यात थरथरत होता. तिने हात काढला नाही.